होम थिएटर रिसीव्हर : आवाज नाही, चित्र नाही, मधेच बंद पडतो (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांत ५.१ किंवा ७.१ रिसीव्हर (टीव्ही, डिश, प्लेअरचा आवाज घेऊन तो पाच-सात स्पीकर आणि एका वूफरला वाटून देणारं यंत्र) लावलेल्यांसाठी हे पान आहे. रिसीव्हर खोक्यात भरून दुरुस्तीला नेण्याआधी ते एकदा वाचा. दोष बहुतेक वेळा तीन ठिकाणी निघतो: चुकीच्या जागी बसलेली पिन, टीव्हीच्या मेनूतली एखादी सेटिंग, किंवा घरातली लाइट. बोर्ड जळलेलाही असतो, पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. मेनूतली नावं कंपनीगणिक थोडी बदलतात, तेवढं समजून घ्या.

आमच्याकडे बाजारात मिळणारा ४.१ चा सेट आहे. त्याला हे सगळं लागू आहे का?

थोडंच. ज्या सेटमध्ये ॲम्प्लिफायर वूफरच्याच खोक्यात असतो आणि मागे फक्त लाल-पांढऱ्या पिना, ब्लूटूथ नि पेन ड्राइव्हची जागा असते, तो रिसीव्हर नव्हे. त्यात डॉल्बी उलगडायची सोय नसते. घरघर, लाइट आणि विजेबद्दलची उत्तरं मात्र त्यालाही लागू पडतात.

असा सेट असताना पुढे रिसीव्हर घेतला, तर एक चूक टाळा. जुन्या वूफरच्या इनपुटला रिसीव्हरच्या स्पीकर टर्मिनलची वायर लावू नका. त्या टर्मिनलवर ॲम्प्लिफाय झालेला सिग्नल असतो, त्यानं वूफरचं इनपुट जळू शकतं. वूफरला रिसीव्हरच्या ‘सबवूफर प्री-आउट’मधून एकच आरसीए वायर जाते. सेटचे छोटे स्पीकर रिसीव्हरला लावायचे असतील, तर आधी त्यांच्या पाठीवर किती ओहम लिहिलेत ते बघा. रिसीव्हरच्या मागे छापलेल्या किमान आकड्यापेक्षा ते कमी असतील, तर लावू नका.

चित्र येतं, पण आवाज नाही. सुरुवात कुठून करायची?

रिसीव्हरच्या डिस्प्लेपासून. तिथे ‘डॉल्बी डिजिटल’, ‘पीसीएम’ असं आवाजाच्या फॉरमॅटचं काही नाव दिसत असेल आणि तरी स्पीकर गप्प असतील, तर सिग्नल आत आलेला आहे. मग घोळ रिसीव्हर ते स्पीकर या टप्प्यात. काहीच दिसत नसेल, तर सिग्नलच पोचलेला नाही आणि घोळ मागे आहे. एवढं एक बघितलं की अर्धी शोधाशोध वाचते.

सिग्नल आत आहे, पण आवाज नाही:
- हेडफोनच्या भोकात काही अडकलंय का? पिन आत असेल तर स्पीकर बंद राहतात.
- ‘स्पीकर ए / बी’ बटण चुकून दाबलं गेलंय का? मुलांच्या हातून हे नेहमी होतं.
- म्यूट आहे का, आणि आवाज ‘झोन २’ला, म्हणजे दुसऱ्या खोलीच्या स्पीकरना, जातोय का?
- मेनूतला टेस्ट टोन लावा. प्रत्येक स्पीकरमधून खर्र असा आवाज फिरला, तर वायरिंग ठीक आहे.

सिग्नल आतच येत नाही:
- इनपुट बरोबर निवडलंय का? केबल ‘सीबीएल/सॅट’ला आणि निवडलंय ‘ब्लू-रे’, हा प्रकार फार.
- ‘इनपुट असाइन’ मेनू बघा. ऑप्टिकल केबल मागच्या १ नंबरला बसवली, पण मेनूत ती दुसऱ्याच इनपुटच्या नावावर असेल, तर आवाज येणार नाही.
- सोर्सचा (डिशचा बॉक्स, प्लेअर, जिथून आवाज-चित्र येतं त्याचा) ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ करून बघा. आवाज आला, तर केबल नि पोर्ट ठीक आहेत. आधी जो फॉरमॅट जात होता तो या रिसीव्हरला कळत नाही.

आवाज येतो, पण टीव्हीवर ‘नो सिग्नल’?

रिसीव्हरच्या मागे एचडीएमआयच्या रांगेत इन आणि आउट दिसायला अगदी सारखे. टीव्हीला जाणारी केबल ‘मॉनिटर आउट’ला हवी. दोन आउट असतील तर रिमोटवर ‘एचडीएमआय आउट’ नावाचं बटण असतं. ते १, २ आणि दोन्ही असं फिरतं. ‘प्युअर डायरेक्ट’ मोड चालू असेल तर काही मॉडेलांत चित्रही बंद होतं, तोही बघून घ्या.

मग सगळ्यांचे प्लग काढून ती केबल रिसीव्हरमधून काढा आणि थेट डिशच्या बॉक्समध्ये घाला. चित्र आलं तर केबल आणि टीव्हीचा पोर्ट दोन्ही निर्दोष. नाही आलं तर केबल बदला किंवा टीव्हीचा दुसरा पोर्ट बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल, पोर्ट आणि सेटिंग एकदम बदलले, तर चालू झाल्यावरही कशानं चालू झालं ते कळत नाही, आणि आठ दिवसांनी तोच घोळ परत येतो.

लाइट जाऊन आली की चित्र गायब होतं, किंवा गुलाबी-हिरवं दिसतं. का?

एचडीएमआयमध्ये चित्र सुरू होण्याआधी सोर्स, रिसीव्हर आणि टीव्ही यांची एकमेकांशी ओळखपाळख होते: कोणाला किती रिझोल्यूशन झेपतं, कॉपी-संरक्षण कोणतं. लाइट आल्यावर तिघं एकदम जागे झाले की ही बोलणी अर्धवट राहतात. तिन्हींचे प्लग भिंतीतून काढा, दहा मिनिटं थांबा. मग आधी टीव्ही, तो पूर्ण सुरू झाला की रिसीव्हर, शेवटी डिश किंवा ओटीटीची स्टिक. रिमोटनं बंद करून भागत नाही. स्टँडबायमध्ये एचडीएमआयची चिप जागीच असते.

टीव्हीतल्या ॲपचा आवाज रिसीव्हरवर कसा आणायचा?

टीव्हीवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेला पोर्ट सहसा एकच असतो. तिथून रिसीव्हरच्या ‘मॉनिटर आउट’ला केबल लावायची, तिथेही एआरसी लिहिलेलं असतं. त्या एकाच केबलनं चित्र वर जातं आणि आवाज खाली येतो. केबल बसवल्यावर तीन सेटिंग लागतात:

१. टीव्हीवर सीईसी (एचडीएमआयनं जोडलेल्या यंत्रांना एकमेकांना हुकूम देता येणारी सोय) चालू करा. सॅमसंगमध्ये ते ‘एनीनेट प्लस’, एलजीत ‘सिम्पलिंक’, सोनीत ‘ब्राव्हिया सिंक’ या नावानं असतं.
२. टीव्हीचा साउंड आउटपुट ‘टीव्ही स्पीकर’वरून ‘एचडीएमआय एआरसी’ किंवा ‘ऑडिओ सिस्टिम’ करा.
३. रिसीव्हरच्या मेनूत ‘एचडीएमआय कंट्रोल’ आणि ‘एआरसी’ दोन्ही चालू करा. अनेक रिसीव्हरांत हे नवीन असताना बंदच असतं, आणि बहुतेक लोक इथेच अडकतात.

टीव्हीचा डिजिटल आउटपुट ‘ऑटो’ किंवा ‘पासथ्रू’ ठेवा. ‘पीसीएम’ ठेवलात तर साध्या एआरसीवर दोनच चॅनलचा आवाज येईल.

पेन ड्राइव्हवरचा सिनेमा टीव्हीत लावल्यावर चित्र आलं आणि आवाज नाही, तर त्या फाइलचा आवाज डीटीएसमध्ये (डॉल्बीसारखाच दुसरा फॉरमॅट) आहे का बघा. बरेच टीव्ही डीटीएस उलगडतही नाहीत आणि पुढेही पाठवत नाहीत. पेन ड्राइव्ह रिसीव्हरला जोडलेल्या ब्लू-रे प्लेअरमध्ये लावा, किंवा डॉल्बीचा ट्रॅक असलेली फाइल बघा.

एआरसी आणि ईएआरसीत एवढा फरक काय?

एआरसी २००९ सालच्या एचडीएमआय १.४ मध्ये आलं, ईएआरसी २०१७ च्या २.१ मध्ये. आवाजासाठी पहिल्याची वाट सेकंदाला सुमारे १ मेगाबिटची, दुसऱ्याची सुमारे ३७. ओटीटीवरचा ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज आणणारा डॉल्बीचा प्रकार) डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये दाबून येतो, तो साध्या एआरसीतूनही जातो. ब्लू-रेवरचा ट्रू-एचडी किंवा न दाबलेला ५.१ पीसीएम यांना ईएआरसी लागतं. तुमच्याकडे फक्त डिश आणि ओटीटी असेल, तर निव्वळ ईएआरसीसाठी चालता रिसीव्हर बदलू नका.

टीव्हीला एआरसी नाही. ऑप्टिकल चालेल?

चालेल. पीसीएम स्टिरिओ, साधा डॉल्बी डिजिटल ५.१ आणि डीटीएस जातो. डॉल्बी डिजिटल प्लस आणि ॲटमॉस जात नाही. टोकाला लाल उजेड दिसतो का बघा. दिसत असेल तर टीव्हीकडून सिग्नल निघतोय. टोकावरची प्लॅस्टिकची बारीक टोपी काढायची राहून गेली, तर आवाज येत नाही. ही वायर काचकन वाकवू नका. तिच्यात वीज नसते, त्यामुळे घरघरीवरही ती औषध आहे. ते पुढे येईल.

४के स्टिक रिसीव्हरला लावली की काळा पडदा, टीव्हीला थेट लावली की उत्तम चालते.

जुना रिसीव्हर असेल तर कारण एचडीसीपी २.२. ४के सिनेमाला हे कॉपी-संरक्षण लागतं आणि २०१४ च्या आधीच्या रिसीव्हरांत ते नाही. अपडेट करून येत नाही, कारण ते चिपमध्येच असावं लागतं. उपाय फुकटचा आहे: स्टिक टीव्हीला लावा आणि आवाज एआरसीनं किंवा ऑप्टिकलनं खाली आणा.

रिसीव्हर नवा असूनही असं होत असेल, तर दोन सेटिंग बघा. टीव्हीच्या त्या पोर्टसाठी सोनीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’ चालू हवं. रिसीव्हरमध्येही तशीच ‘४के एन्हान्स्ड’ सारखी सेटिंग असते. एकीकडे चालू, दुसरीकडे बंद असेल तर एचडीआर येत नाही किंवा पडदा काळा राहतो.

केबल कोणती आणि किती लांब?

गोलाणी मार्केटला किंवा धुळ्याच्या आग्रा रोडला दुकानदार केबलच्या खोक्यावरचा ‘४के’ दाखवतो. त्या शब्दाला काही अर्थ नाही. ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट. ४के ६० फ्रेमला एवढं पुरतं. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८ गिगाबिट. गेमिंगच्या १२० फ्रेमला ती लागते. दोन्हींच्या खोक्यावर स्कॅन करायचं लेबल असतं. सोन्याचा मुलामा, जाड वेणी यांवर पैसे घालवू नका.

साधी तांब्याची केबल ४के साठी ५ मीटरपर्यंत ठीक. त्यापुढे चित्रात पांढरे ठिपके चमकतात, मग मधेमधे पडदा काळा होतो. प्रोजेक्टरसाठी १० मीटर लागत असेल, तर ॲक्टिव्ह ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते: ‘सोर्स’ लिहिलेलं टोक रिसीव्हरकडे, ‘डिस्प्ले’ प्रोजेक्टरकडे. उलटी बसवली तर काहीच येत नाही. घराचं काम चालू असेल तर भिंतीत किमान दीड इंची पाइप टाकायला सांगा, कोपऱ्यावर एल्बो न टाकता मोठा बेंड द्यायचा. एचडीएमआयची पिन एक इंची पाइपच्या वळणातून जात नाही, आणि प्लॅस्टर झाल्यावर गवंडी काही तुमचं ऐकणार नाही.

डिशवर ५.१ का येत नाही?

बॉक्सच्या सेटिंगमध्ये ऑडिओ ‘स्टिरिओ’वर असतो, तो ‘डॉल्बी’ किंवा ‘सराउंड’ करा. तरी मालिका आणि बातम्या मुळात स्टिरिओच असतात, ५.१ काही एचडी चॅनलवर आणि तेही ठरावीक कार्यक्रमांनाच. यूट्यूबवरची अहिराणी गाणीसुद्धा स्टिरिओ. ती पाचही स्पीकरवर हवी असतील तर ‘ऑल चॅनल स्टिरिओ’ किंवा ‘डॉल्बी सराउंड’ मोड लावा. लग्नघरात पहिला, बसून ऐकायला दुसरा.

फ्री डिशचा बॉक्स आणि लग्नाच्या जुन्या सीडीचा प्लेअर तीन रंगांच्या पिनांवर आहे. आवाज येतो, चित्र नाही.

पिवळ्या पिनेतून येणारं चित्र एचडीएमआयमध्ये बदलून पुढे देण्याची सोय प्रत्येक रिसीव्हरात नसते. स्वस्त आणि नव्या मॉडेलांत तर बहुधा नसतेच. पिवळी पिन थेट टीव्हीला, लाल-पांढरी रिसीव्हरला, एवढ्यावर भागतं. किंवा ‘एव्ही टू एचडीएमआय’ कन्व्हर्टर लावा. घेताना दिशा तपासा. ‘एचडीएमआय टू एव्ही’ हा उलटा डबा हुबेहूब तसाच दिसतो.

स्टिक वारंवार रीस्टार्ट होते.

बहुधा ती रिसीव्हरच्या यूएसबीवर चालवताय. तिथून मिळणारा करंट पुरत नाही. तिच्यासोबत आलेला अडॅप्टर लावा.

ओठ आधी हलतात, आवाज नंतर. किंवा उलटं.

आवाज आधी येत असेल तर टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेतोय. टीव्हीत ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा, रिसीव्हरमध्ये ‘ऑटो लिप-सिंक’ चालू करा. तरी उरलं तर ‘ऑडिओ डिले’ १० मिलिसेकंदांच्या टप्प्यानं वाढवत जा. बातम्या देणाऱ्याच्या तोंडाकडे बघून हे लवकर जुळतं.

आवाज मागे पडत असेल तर अवघड, कारण आवाज पुढे ओढता येत नाही. डिले शून्य करा, टीव्हीचा डिजिटल आउटपुट ‘पासथ्रू’ करा. ब्लूटूथनं जोडला असेल तर केबल लावा. ब्लूटूथ मागे राहणारच.

गाण्याला घर हलतं आणि संवाद ऐकूच येत नाहीत.

५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरवर असतात. त्याची पातळी ३ डेसिबलनं वाढवा आणि ‘डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन’ किंवा ‘नाइट मोड’ चालू करा. मधला स्पीकर शोकेसच्या खणात आत सारलेला असेल तर काठापर्यंत पुढे ओढा. मधला स्पीकर लावलेलाच नसेल, तर मेनूत सेंटर ‘नन’ करा, नाहीतर संवाद न लावलेल्या स्पीकरकडे जातात. टाइल्स, स्लॅब आणि उघड्या भिंतींची खोली घुमते. जाड पडदा आणि सतरंजीनं बराच फरक पडतो. धाब्याच्या मातीच्या घरात हा त्रास फार कमी असतो.

मधेच बंद पडतो, लाल दिवा लुकलुकतो.

हा प्रोटेक्शन मोड. रिसीव्हर स्वतःला वाचवतोय, त्याला सारखा चालू करू नका. डेनॉनच्या बऱ्याच मॉडेलांत दिवा साधारण दोन सेकंदांनी लुकलुकला तर उष्णता, अर्ध्या सेकंदानं लुकलुकला तर स्पीकरच्या वायरचा शॉर्ट किंवा आतला दोष. यामाहात ‘चेक एसपी वायर्स’ असं येतं, सोनीत ‘प्रोटेक्टर’.

काय करायचं:

१. प्लग काढा. सगळ्या स्पीकर वायरी रिसीव्हरमधून सोडवा. नुसत्या स्पीकरकडून नको, रिसीव्हरकडूनच.
२. काहीही न जोडता चालू करा. तरी प्रोटेक्शनमध्ये गेला तर दोष आत आहे. इथेच थांबा, झाकण उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज असतो.
३. चालू राहिला तर दोष बाहेर आहे. बंद करून एक स्पीकर लावा, चालू करा, आवाज थोडा वाढवा. असं एकेक करत जा. ज्याच्यावर पडतो तो गुन्हेगार.

मग त्या वायरीचं टोक बघा. बारीक तारांपैकी एखादी सुटून शेजारच्या टर्मिनलला टेकलेली असते. वायर १२ मिलिमीटरच सोला, तारा पिळा, शक्य तर बनाना प्लग लावा. टोक नीट असेल तर वायर पूर्ण तपासा: खिळ्याखाली दबलेली, दारात चेमटलेली, किंवा फॉल्स सीलिंगमध्ये उंदरानं कुरतडलेली. धान्याची कोठी शेजारी असलेल्या घरांत हे हमखास.

वायर सोडवून मल्टिमीटरनं स्पीकर मोजा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ दाखवतो. १-२ दाखवला तर कॉइल शॉर्ट, काहीच नाही दाखवलं तर तुटलेली. एकाच टर्मिनलवर ८ ओहमचे दोन स्पीकर लावले तर ते ४ ओहम होतात. कानबाईच्या उत्सवाच्या रात्री बाहेर ओट्यावरही आवाज हवा म्हणून केलेली ही जोडणी मध्यरात्री रिसीव्हर पाडते.

वायर किती जाड? १५ मीटरपर्यंत १६ गेज, पुढे १४. टेलिफोनची किंवा झिरो बल्बची वायर नको.

उन्हाळ्यातच बंद पडतो, पावसाळ्यात ठीक चालतो.

भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत रिसीव्हर थंड व्हायला हवाच उरत नाही. काचेच्या दाराचं शोकेस असेल तर दार काढून ठेवा. वर किमान १० सेंटिमीटर, बाजूला ५ सेंटिमीटर मोकळं हवं. त्याच्या डोक्यावर डिशचा बॉक्स, क्रोशाचा रुमाल, फुलदाणी काही नको. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घर भरलेलं असतं आणि दिवसभर तो चालू राहतो, त्या दिवसांत १२ व्होल्टचा किंवा यूएसबीचा पंखा मागे लावा, हवा बाहेर ओढेल असा. वर्षातून दोनदा प्लग काढून जाळीवरची धूळ ब्रशनं झाडा.

कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका. ती हवा ओली आणि खाऱ्या बोअरच्या पाण्याची असते. पिनांवर पांढरट-हिरवा थर चढतो आणि मग चित्र थरथरतं.

संध्याकाळी रिसीव्हर टक-टक करतो, बंद-चालू होतो. व्होल्टेजचा प्रकार आहे का?

बहुधा हो. रब्बीत पंप चालू झाले की गावातला दाब २३० वरून १८०च्या खाली येतो. दीपनगरच्या वीजकेंद्राची वीज दारावरून जात असली तरी तुमच्या बोर्डावर किती पोचते ते मल्टिमीटरच सांगतो. टक-टक रिसीव्हरची आहे की स्टॅबिलायझरची, ते आधी कान लावून ठरवा. रिलेचा स्टॅबिलायझर टप्पा बदलताना क्षणभर वीज तोडतो. तेवढ्यात चित्र जाऊन पुन्हा ओळखपाळख सुरू होते.

रिसीव्हर, टीव्ही आणि बॉक्स मिळून १ केव्हीएचा स्टॅबिलायझर पुरतो. दाब सारखा नाचत असेल तर सर्व्हो (मोटरनं दाब जुळवणारा) घ्या. ‘ओव्हर-व्होल्टेज कट-ऑफ’ आणि ३ मिनिटांचा टाइम डिले असलेलाच घ्या, कारण कमी दाबापेक्षा जास्त दाब घातक. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की घरात ३०० व्होल्टच्याही पुढे दाब चढतो आणि पंखे, बल्ब, टीव्ही एकदम जातात. दिवे अचानक फार उजळले तर विचार न करता मेन स्विच पाडा, मग महावितरणला कळवा.

स्क्वेअरवेव्ह इन्व्हर्टरवर रिसीव्हर चालवू नका. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. सायनवेव्ह चालेल, पण आवाज माफक ठेवून.

सगळ्या स्पीकरमधून घरघर येते. आणि एचडीएमआयच्या पिनेला हात लावला तर झिणझिण्या येतात.

दोन्हींचं मूळ अर्थिंगमध्ये आहे, म्हणून एकत्र.

झिणझिण्या दोन-पिनी अडॅप्टरमुळे. त्यातल्या फिल्टरमधून बारीकसा करंट बाहेरच्या धातूवर येतो. टेस्टर पेटतो, करंट अगदी कमी असतो, पण पिन लावताना तो एचडीएमआयच्या चिपमधून गेला तर पोर्ट मरतो. म्हणून नियम एकच: एचडीएमआय काढण्या-घालण्याआधी टीव्ही, रिसीव्हर, बॉक्स सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढायचे.

घरघर शोधायला क्रम असा. रिसीव्हरला स्पीकर सोडून काही जोडू नका. शांत आहे? मग एकेक केबल लावा. बहुतेक वेळा डिशची किंवा केबलवाल्याची स्क्रूची वायर लावली की घरघर सुरू होते. गच्चीवरची डिश एका जमिनीला, घरातला बोर्ड दुसऱ्या जमिनीला, आणि त्यांच्यातला फरक तुमच्या स्पीकरमध्ये वाजतो.

- सगळी यंत्रं एकाच बोर्डावर, एकाच चांगल्या एक्स्टेन्शनवर घ्या. निम्म्या घरांत इथेच संपतं.
- बॉक्सचा आवाज ऑप्टिकलनं रिसीव्हरला द्या आणि चित्र थेट टीव्हीला. ऑप्टिकलमधून वीज जात नसल्यानं बॉक्स ते रिसीव्हर ही वाट तुटते.
- केबलवाल्याची लाइन असेल तर ‘कोॲक्स आयसोलेटर’ लावता येतो. डिशला साधा आयसोलेटर लावू नका. छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) त्याच वायरीतून १३-१८ व्होल्ट जातात, ते अडतात आणि सिग्नलच जातो.
- रिसीव्हरच्या थ्री-पिन प्लगची जाड, अर्थिंगची पिन तोडून घरघर थांबवणारे वायरमन आहेत. त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा.

अर्थिंग मोजायचं तर वायरमनकडून बोर्डावर मोजून घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत हवं. न्यूट्रल-अर्थ २०-३० दाखवत असेल तर दुरुस्ती हवी. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, खड्डा कोरडा होतो आणि अर्थिंग सुटतं. आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. जुना खड्डा असेल तर कोळसा-मीठ भरून नवा करा. बोर्डात न्यूट्रलवरून तुकडा घेऊन अर्थला जोडलेला आढळला, तर तो त्याच दिवशी काढायला लावा. तो न्यूट्रल कुठे तुटला, तर रिसीव्हरच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतील.

वूफर वाजतच नाही.

मेनूत सबवूफर ‘येस’ आहे का? पुढचे स्पीकर ‘लार्ज’ असतील तर स्टिरिओचा खालचा आवाज त्यांच्याकडेच राहतो; ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज वूफरकडे जातो तो आकडा) ८० हर्ट्झ ठेवा. वूफरवरची गेनची कळ मध्यावर आणि त्याचा स्वतःचा क्रॉसओव्हर पूर्ण वर ठेवा. कमी आवाजात वूफर ‘ऑटो’वर झोपतो, तो ‘ऑन’वर ठेवा.

रिसीव्हरचा माइक लावून केलेली स्पीकरची मोजणी दरवेळी वेगळीच येते.

पंखा आणि कूलर बंद करा. मे महिन्यात जिवावर येतं, पण दहा मिनिटांचं काम आहे. सकाळी सहाला करा. माइक सोफ्यावर न ठेवता बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, स्टँडवर ठेवा. ‘फेज’चा इशारा आला तर त्या स्पीकरची लाल-काळी वायर तपासा. वायर बरोबर असेल तर इशारा सोडून द्या. काही स्पीकर आतूनच तसे असतात.

मृगाआधीच्या विजांपासून काय जपायचं?

प्लग तर काढाच, पण डिशची आणि केबलची वायरही बॉक्समधून सोडवा, इंटरनेटची तांब्याची वायरही. वीज कडाडली की पहिला बळी एचडीएमआय बोर्डाचा जातो, कारण दणका प्लगमधून कमी आणि गच्चीवरच्या वायरीतून जास्त येतो. नुसता स्विच बंद करून भागत नाही. स्विचच्या आतलं अंतर विजेला काहीच नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकानं रिसीव्हर आणलाय. लावू का?

आधी मागची पट्टी वाचा. ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असेल तर थेट लावला की गेला. त्याला २३० वरून ११०-१२० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, पट्टीवरच्या वॉटच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा. आखातातून आणलेले सहसा २२०-२४० चे असतात. तरी पट्टी वाचाच.

फॅक्टरी रीसेट कधी करायचा?

मेनू अडकला, रिमोट दाबला तरी काही होत नाही, अपडेटनंतर विचित्र वागतोय, तेव्हा. बटणांची जोडी मॉडेलगणिक वेगळी, ती पुस्तिकेत ‘इनिशियलाइज’ किंवा ‘मायक्रोप्रोसेसर रीसेट’खाली मिळते. सगळ्या सेटिंग जातात, म्हणून आधी स्पीकर आणि इनपुटच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. अपडेट करताना लाइट गेली तर रिसीव्हर कायमचा बंद पडू शकतो. लोडशेडिंगची वेळ टाळा, किंवा तेवढ्यापुरता सायनवेव्ह इन्व्हर्टरवर घ्या.

दुरुस्तीला द्यायचाच झाला तर?

सगळ्या स्पीकर वायरी सोडवूनही प्रोटेक्शन जात नसेल, जळका वास आला असेल, किंवा तपासलेल्या केबलनं आणि दुसऱ्या टीव्हीवरही एकाही एचडीएमआयवर चित्र येत नसेल, तर द्या. सोबत चिठ्ठीवर लिहा: कोणत्या इनपुटवर, काय दिसतं, दिवा कसा लुकलुकतो, त्याआधी लाइट गेली होती का, वीज पडली होती का. ‘चालत नाही’ एवढंच सांगितलं, तर मेकॅनिककडे तो तासभर नीट चालतो आणि तसाच परत येतो. जवळ अधिकृत केंद्र नसेल आणि नाशिक-पुण्याला पाठवायचा असेल, तर मूळ खोकं नि थर्माकोल लागेल. जड ट्रान्सफॉर्मर एका बाजूला असलेलं यंत्र साध्या पुठ्ठ्यात एसटीच्या टपावरून सुखरूप जात नाही. रिमोट आणि माइक घरीच ठेवा.